तो डाग काढू नका

नकाशा आला तेव्हा टेबलावर मावेना.
येमूलशेठनी चारी कोपऱ्यांवर बॉबिनी ठेवल्या,
चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाले,
"समुद्राची ऑर्डर हाय बे. अन् समुद्रच नाही यात.
नुसत्या रेघा."

रेघाच होत्या. समान खोलीच्या, केसासारख्या निळ्या,
कुठे ऐसपैस, कुठे दाटीवाटीनं.
किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संस्थेला
सभागृहाच्या भिंतीवर हवा होता
समुद्राचा तळ, सोलापुरी विणीत,
दहा फूट बाय सहा.

मी जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतो.
एकोणीस वर्षं झाली.
भोक म्हणजे ताण्याचा धागा वर,
भोक नाही म्हणजे धागा खाली.
मोर पाडलेत, वाघ पाडलेत,
एका साखर कारखान्याची अख्खी चिमणी पाडलीय.
समुद्र पाहिलाय एकदाच, शाळेच्या सहलीत,
चपला हातात धरून.

नकाशाच्या मध्यापासून जरा उजवीकडे
रेघा इतक्या जवळ आल्या होत्या
की शाई फुटल्यासारखं दिसत होतं.
मी तो डाग पुसला.
रेघा सरळ करून टाकल्या, नांगरल्यासारख्या.
दोष काढणं हा धंदाच आमचा.

नमुन्याचा हातभर तुकडा गेला.
आठव्या दिवशी फोन. नयना तांडेल बोलतेय.
"तुम्ही आमचा डोंगर काढलात."

कुठला डोंगर?

"आहे. तळापासून अडीच हजार मीटर उभा.
माथा पाण्याबाहेर कधी आला नाही,
म्हणून नाव नाही, नुसता नंबर.
खालचा प्रवाह येतो, त्याच्या अंगावर आदळतो,
वाट मिळत नाही म्हणून वर चढतो,
चढताना काळोखात साठलेलं सत्त्व घेऊन येतो.
उजेडात त्याचं खत होतं.
मग डोळ्यांना न दिसणारी हिरवळ,
मग ती चरणारे बारके जीव,
मग त्यांच्यामागे कुपा.
डोंगराच्या पाठीशी पाणी गरगरत राहतं,
पिल्लं लगेच वाहून जात नाहीत.
माझे बाबा नकाशाशिवाय जायचे तिथं.
इथं मासा थांबतो, एवढंच म्हणायचे.
तो डाग काढू नका.
तो काढलात तर पाणी सरळ निघून जाईल."

फोन ठेवला. बाहेर मे महिना,
चव्वेचाळीस डिग्रीत वितळणारं डांबर,
समोर बंद गिरणीची काळ्या दगडाची भिंत.
आजोबा करीमनगरहून निघाले ते मुंबईला जायला.
वाटेत हिचा भोंगा ऐकला,
आणि आपण इथले झालो, असं आई सांगते,
विडीच्या पानावर कात्री चालवत, मान वर न करता.
भिंतीतून आता पिंपळ निघालाय.
त्याच्या सावलीला तीन टपऱ्या, एक सायकलवाला,
दुपारभर कुत्री.

मी बराच वेळ तिकडं बघत बसलो.

दीडशे पुठ्ठे पुन्हा पाडले.
मागावर इरय्या होता. त्या जागेवर
धागा तीनदा तुटला, त्यानं तीनदा शिव्या घातल्या,
दोन तेलुगूत, एक मराठीत.
बाणा तिथं सुखानं बसेना,
प्रत्येक काडी दुसरीच्या अंगावर चढत होती.
"सरळ जाऊ दे की ओ," इरय्या म्हणाला,
"भिंतीवर टांगल्यावर कोण मोजतंय?"

तेवढ्यात लाइट गेली.
सगळे माग एकदम थांबले,
आणि त्या शांततेत मी हात फिरवला कापडावरून,
डावीकडून उजवीकडं, पाणी जाईल तसा.
सपाट, सपाट,
मग तळव्याला उंचवटा लागला, लहान मुलाच्या गुडघ्याएवढा,
आणि हात आपोआप
थोडा वर उचलला गेला.

बिल करताना येमूलशेठनी विचारलं,
"हे दीडशे पुठ्ठे जादा. कशाचे म्हणून लिहू?"

माशांचे, मी म्हणालो.